भाडेकरूच्या मरणाची वाट

उत्तर कोलकात्यात, शोभाबाजारपासून बऊबाजारपर्यंतच्या गल्ल्यांमध्ये, शंभर-सव्वाशे वर्षांची घरं अजून उभी आहेत. मधे चौक, चौकाभोवती व्हरांडे, तुळयांवर तोललेली छतं, भिंतीच्या भेगेतून बाहेर आलेला पिंपळ. अशा घराच्या मागच्या दोन खोल्यांत सत्तरी-ऐंशीतली एखादी बाई एकटी राहत असते. जागा नवऱ्याच्या नावाने घेतलेली, भाडं काही शेकड्यांत, मालकाची तिसरी पिढी, आणि शेजारची दोन घरं पाडून प्रोमोटरने, म्हणजे तिथल्या बिल्डरने, उभी केलेली पाच मजली इमारत. या बाईला बाहेर काढायचं ठरलं की सहसा तिच्या अंगावर कुणी हात टाकत नाही. महापालिकेचं पाणी ठराविक वेळी येतं, तळटाकीत साठतं आणि पंपाने गच्चीवरच्या टाकीत चढतं. पंपाचं बटण मालकाकडे असतं. ते दोन दिवस दाबलं गेलं नाही की चौकातल्या नळावरून बादली भरून जिना चढावा लागतो. जिन्यातला बल्ब जातो आणि नवा लागत नाही. सामाईक संडासाला कुलूप दिसतं. भाड्याची मनीऑर्डर ‘घेण्यास नकार’ असा शेरा घेऊन परत येते. रात्री दहानंतर जिन्यात अनोळखी पोरं बसलेली असतात. ती काही बोलत नाहीत, नुसती बसतात. ठाण्यात जावं तर उत्तर मिळतं की ही दिवाणी बाब आहे, कोर्टात जा.

या वादात दोन्ही बाजूंकडे सांगण्यासारखं खरोखर काही आहे. म्हणून जुन्या शास्त्रचर्चेच्या रीतीने आधी पूर्वपक्ष आणि मग उत्तरपक्ष अशी मांडणी इथे केली आहे. पूर्वपक्ष मालकाचा आहे आणि तो जितका बळकट मांडता येईल तितका मांडला आहे. उत्तरपक्ष माझा, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

पूर्वपक्ष : तुम्ही बादली उचलणारी म्हातारी दाखवलीत, त्यामुळे वाचकाचं मन आधीच एका बाजूला झुकलं. आता मालकाकडे पाहा. पहिल्या महायुद्धाच्या काळात घरांची टंचाई झाली म्हणून मुंबईत 1918 साली आणि कोलकात्यात 1920 साली भाड्याला लगाम घालणारे कायदे आले. ते तात्पुरते होते. मग दुसरं महायुद्ध, फाळणी, पूर्व बंगालमधून आलेले निर्वासितांचे लोंढे, आणि तात्पुरतं होतं ते कायमचं झालं. 1948, 1950, मग 1956 चा पश्चिम बंगाल प्रिमायसेस टेनन्सी कायदा, आणि त्याच्या जागी 1997 चा, जो 10 जुलै 2001 पासून लागू झाला. एवढ्या काळात गवंड्याची मजुरी वाढली, कर वाढला, सिमेंट वाढलं. भाडं जिथल्या तिथे राहिलं. सर्वोच्च न्यायालयानेच डिसेंबर 1997 मध्ये, मुंबईच्या भाडे कायद्यावरच्या मालपे खटल्यात, 1940 च्या पातळीवर भाडं बांधून ठेवणं आता अवाजवी झालं आहे असं सांगितलं. आणि मालक म्हणजे कुणी जमीनदार असतो असंही नाही. भावाभावांत वाटण्या होऊन आज त्या घराचे आठ-दहा वाटेकरी असतात, आणि त्यांतली एखादी स्वतःच सत्तरीची विधवा असते. तिच्या छताखाली तिच्याहून सुस्थितीतला भाडेकरू नाममात्र भाड्यात राहत असेल, तर अन्याय नेमका कुणावर होतो?

उत्तरपक्ष : तुमच्या इतिहासातलं काहीही मला नाकारायचं नाही. भाडं कमी आहे, अनेक ठिकाणी हास्यास्पद वाटावं इतकं कमी आहे, आणि घरांच्या टंचाईची किंमत समाजाने मिळून भरण्याऐवजी एका वर्गाकडून ती पिढ्यान्‌पिढ्या वसूल केली गेली. मात्र ही तक्रार कुणाविरुद्ध आहे, हे पाहायला हवं. भाडं त्या बाईने ठरवलेलं नाही, ते विधिमंडळाने ठरवलं आहे. 1997 च्या कायद्यात भाडे नियंत्रकाकडे अर्ज करून योग्य भाडं ठरवून घेण्याची वाट आहे. ती अपुरी वाटत असेल तर मुंबईचे मालक लढले तसं लढावं. तुम्ही सांगितलेलं मालपे खटल्यातलं मत त्यांनी न्यायालयात जाऊनच मिळवलं, आणि त्यानंतर महाराष्ट्राच्या 1999 च्या कायद्यात दरवर्षी चार टक्के वाढ आली. जागेवर हक्क कुणाचा, हा एक प्रश्न आहे. त्या जागेत आज राहणाऱ्या माणसाशी कसं वागायचं, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर शंभर टक्के मालकाच्या बाजूने निघालं, तरी दुसऱ्याचं उत्तर बदलत नाही. हे काही नव्या काळातलं कोवळं मत नव्हे. 1924 साली मेदिनीपूरच्या जमीनदारी कंपनीच्या खटल्यात, म्हणजे बंगालच्याच मातीतल्या वादात, लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने सांगितलं होतं की हिंदुस्थानात कुणालाही बळजबरीने ताबा घेता येणार नाही. हक्क असेल तर तो न्यायालयामार्फत मिळवावा. 1968 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेच मालक आणि कुळाच्या संदर्भात पुन्हा सांगितलं. शंभर वर्षं हा कायदा स्पष्ट आहे. पंपाच्या बटणाचा वापर हा बळजबरीने ताबा घेण्याचाच एक प्रकार आहे. त्यात धक्काबुक्की नाही, एवढाच फरक.

पूर्वपक्ष : तत्त्व ठीक आहे. पण ‘न्यायालयामार्फत’ हा शब्द उच्चारणं सोपं आहे. जागा काढून घेण्याचा दावा खालच्या कोर्टात वर्षानुवर्षं चालतो, मग अपील, मग उच्च न्यायालय. दावा लावणारा मालक निकाल ऐकायला जिवंत राहीलच याची खात्री नाही. कायद्याची वाटच जर बंद असेल, तर माणूस आडवाट धरणार. तुम्ही आडवाटेला दोष देता, बंद वाटेला देत नाही.

उत्तरपक्ष : कोर्टाच्या दिरंगाईबद्दल कुणीही मालकाची बाजू खोटी ठरवू शकणार नाही. पण ही दिरंगाई दोघांना सारखी लागत नाही, आणि माझ्या मते सगळ्या वादाचं मूळ इथे आहे. चाळिशीतल्या मालकासाठी पंधरा वर्षांचा दावा म्हणजे नुकसान. ऐंशीच्या बाईसाठी पंधरा वर्षांचा दावा म्हणजे निकाल लागण्याआधीच लागलेला निकाल. तिला पाण्यासाठी कोर्टात जायला सांगणं म्हणजे पाण्याशिवाय राहायला सांगणं. त्यात 1997 च्या कायद्याने एक गोष्ट केली आहे जिचा परिणाम फारसा बोलला जात नाही. जुन्या व्यवस्थेत भाडेकरूपण वारसांकडे उतरत राहायचं. नव्या कायद्याने त्याला मुदत घातली. भाडेकरू वारला की त्याच्यावर अवलंबून असलेले आणि त्याच्यासोबत राहणारे मुलगा, मुलगी, आई-वडील, विधवा सून यांना पाच वर्षं. नवरा किंवा बायको अवलंबून असेल, सोबत राहत असेल आणि दुसरं घर नसेल, तर तिला ही पाच वर्षांची मर्यादा नाही. ती हयात असेतो राहू शकते. तडजोड म्हणून हे वाजवी आहे. मालकाला कधीतरी जागा परत मिळावी आणि विधवेला रस्त्यावर यावं लागू नये, असे दोन्ही हेतू त्यात आहेत. पण त्यामुळे हक्काची मुदत कॅलेंडरवर न राहता एका माणसाच्या श्वासाला बांधली गेली. रिकाम्या घराची किंमत आणि भाडेकरूसकट घराची किंमत यांत कोलकात्यात जमीन-अस्मानाचा फरक पडतो. तेव्हा ती बाई आणखी किती वर्षं जगेल हा हिशेब मालक करतो, प्रोमोटर करतो, आणि काही घरांत तिचे स्वतःचे नातेवाईकही करतात. तिच्या उरलेल्या आयुष्याला रुपयांत किंमत आली. आणि ज्याला किंमत आली ते लवकर संपावं, किंवा इतकं असह्य व्हावं की तिने आपण होऊन निघून जावं, यात कुणाचा तरी फायदा आला. प्रत्येक मालक असा वागतो असं मी म्हणत नाही. बहुसंख्य मालक गप्प राहतात, वाट पाहतात. पण जो वागतो त्याला आजच्या व्यवस्थेत बक्षीस मिळतं, आणि जो सभ्यपणे वाट पाहतो त्याला तोटा होतो. कायद्याने आयुष्य हीच मुदत ठरवली, तर त्या आयुष्याची राखण करण्याची जबाबदारीही कायद्यावर येते. ती त्याने घेतलेली नाही. माझं म्हणणं एवढंच आहे, आणि पुढचं सगळं त्याचाच विस्तार आहे.

त्या वारसांच्या यादीकडेही एकदा नीट पाहावं. तिच्यात बहीण नाही. बंगालमध्ये, जशी आपल्याकडेही, लग्न न केलेली बहीण भावाच्या घरात आयुष्य काढते, आई-वडिलांचं आजारपण काढते, भावाचा संसार सांभाळते. भाऊ भाडेकरू असेल आणि तो वारला, तर कायद्याच्या दृष्टीने ती त्या घरात कुणीच नसते. लग्न न झालेल्या मुलीला पाच वर्षं मिळतात. वडील वारले तेव्हा ती सत्तरीची असेल, तर पंचाहत्तरीत तिला नवं घर शोधायचं असतं. तिच्याकडे नव्या करारासाठी प्राधान्याचा हक्क आहे, पण तो बजावायला पुन्हा मालकाशीच बोलावं लागतं. ज्यांच्यावर दबाव सगळ्यात लवकर चालतो त्या नेमक्या या बायका आहेत: एकट्या, नावावर काही नसलेल्या, आणि आपला हक्क नेमका किती हे स्वतःलाच ठाऊक नसलेल्या.

पूर्वपक्ष : आणि ज्या घरांत म्हातारीला पुढे करून मुलं जागा अडवतात, त्यांचं काय? मुलगा बंगळुरूत, मुलीचा सॉल्ट लेकमध्ये फ्लॅट. आईला मुद्दाम त्या पडक्या खोलीत ठेवायचं, कारण ती आहे तोवर सेलामी मागता येते, म्हणजे तुमच्याकडची पागडी. म्हातारीचा छळ तिच्या घरातूनच होतो, आणि शिव्या मात्र मालकाला.

उत्तरपक्ष : असं होतं. मी त्याचं समर्थन करणार नाही. आईला जागेची राखणदार म्हणून वापरणं हाही छळच आहे. पण त्यावरचा उपाय कायद्यात आहे. ज्याच्याकडे दुसरं राहतं घर आहे त्याला वारसाचं संरक्षण मिळत नाही. मुलाचा फ्लॅट दाखवा, पुरावा द्या, दावा मजबूत होईल. पंप बंद ठेवून मुलाचा फ्लॅट सिद्ध होत नाही, आणि बंगळुरूतल्या मुलाला त्या पाण्याची झळही लागत नाही. झळ लागते ती एकट्या आईला. आणखी एक. घरच्या छळासाठी आपल्याकडे 2007 चा ज्येष्ठ नागरिक कायदा आहे, आणि त्याच्या बळावर न्यायालयं चटकन कामाला लागतात. जुलै 2021 मध्ये कोलकाता उच्च न्यायालयात न्या. राजशेखर मंथा यांनी सांगितलं की ज्येष्ठांच्या स्वतःच्या घरात मुलगा-सून फार तर परवानगीने राहतात, आणि ज्येष्ठांना आपल्या घरात निर्वेध राहता आलं पाहिजे. चांगला निकाल. आता तीच ऐंशीची बाई, तीच खोली, तोच जिना घ्या. ती मालकीण असेल आणि मुलगा त्रास देत असेल तर राज्य तिच्या दारात उभं राहतं. ती भाडेकरू असेल आणि मालक त्रास देत असेल तर ‘दिवाणी बाब’. तिची भीती दोन्ही ठिकाणी सारखी असते. मला वाटतं, या कायद्याचे शब्दच आपण पुरते वाचलेले नाहीत. त्यातली मालमत्तेची व्याख्या केवळ मालकीपुरती नाही. मालमत्तेतले हक्क आणि हितसंबंधही तिच्यात येतात. ज्येष्ठांच्या जिवाचं आणि मालमत्तेचं रक्षण करण्यासाठी राज्याने कृती आराखडा करावा, असंही तोच कायदा सांगतो. कायद्याने संरक्षित असलेलं भाडेकरूपण हा जागेतला हितसंबंध नाही, असं कोण म्हणेल? या वाचनाला न्यायालयाची मान्यता मिळवण्याचं काम एखाद्या वकिलाने हाती घ्यावं.

पूर्वपक्ष : बरं, छळ सोडा. घरच पडायला आलं असेल तर? महापालिकेने दारावर ‘बिपज्जनक बाडी’, म्हणजे धोकादायक घर, असा फलक लावलेला असतो. छताच्या तुळया कुजलेल्या, पावसाळ्यात प्लास्टर कोसळतं. त्या घरातून म्हाताऱ्या माणसाला बाहेर काढणं हीच दया आहे. तुमच्या संरक्षणाने ती एक दिवस ढिगाऱ्याखाली जाईल.

उत्तरपक्ष : हा तुमचा सगळ्यात गंभीर मुद्दा आहे, कारण ही भीती खरी आहे. सप्टेंबर 2016 मध्ये पाथुरियाघाटा स्ट्रीटवरच्या जुन्या घराचा भाग कोसळून माणसं दगावली. धोक्याचा इशारा देऊनही लोक घर का सोडत नाहीत, हा प्रश्न तेव्हा सगळ्यांनी विचारला. उत्तर अवघड नाही. घर सोडलं की हक्क गेला, ही त्यांची समजूत असते, आणि आजूबाजूचा अनुभव ती खोटी ठरवत नाही. एकदा बाहेर पडलेला भाडेकरू नव्या इमारतीत परत आलेला त्यांनी फारसा पाहिलेला नसतो. म्हणजे म्हातारी हट्टी आहे म्हणून राहत नाही. कोसळणाऱ्या छताचा धोका आणि फूटपाथचा धोका यांत ती रोज निवड करत असते. महापालिकेलाही हे उमगलं आणि पाथुरियाघाट्यानंतर पालिका कायद्यात 412अ हे कलम आलं. धोकादायक घर पुन्हा बांधायला मालकाला जादा बांधकामाची सवलत, आणि त्याच्या बदल्यात जुन्या भाडेकरूंना नव्या इमारतीत जागा; मालक पुढे आला नाही तर पालिका दुसऱ्या संस्थेकडून काम करून घेऊ शकते. दिशा अगदी बरोबर आहे, कारण मालकाला फायदा मिळतो तो भाडेकरूला सामावून घेतल्याबद्दल. त्याला हुसकावल्याबद्दल नाही. 2019 च्या ऑगस्टअखेरीस बऊबाजारात मेट्रोच्या बोगद्यात पाणी घुसलं आणि दुर्गा पितुरी लेन, स्याकरापाडा लेनमधली घरं खचली. शेकडो लोकांना घाईघाईने हॉटेलांत हलवावं लागलं. संकट मोठं असलं की मालक आणि भाडेकरू असा भेद न करता माणसं हलवता येतात, हे तेव्हा दिसलं. आणि कायदा याही पुढे आहे. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आपल्या सांगलीतल्या एका प्रकरणात ठरवलं की महापालिकेने इमारत पाडली म्हणून भाडेकरूचा हक्क नष्ट होत नाही. जमीन उरते, तिच्यावरचा हक्कही उरतो. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने धोकादायक इमारती पाडण्याआधी प्रत्येक भाडेकरूच्या ताब्यातलं क्षेत्रफळ मोजून नोंदवून ठेवायला सांगितलं. या नोंदीत सगळं आलं. म्हातारीच्या हातात तिच्या नावाचा, तिच्या खोलीच्या मापाचा, शिक्क्याचा कागद द्या, महिन्याचं पर्यायी भाडं द्या आणि मग तिला घर सोडायला सांगा. कागद न देता दयेच्या नावाने बाहेर काढणं म्हणजे तिच्या जिवाची भीती तिच्याच विरुद्ध वापरणं होय.

पूर्वपक्ष : तुमचं ऐकलं तर उद्या म्हाताऱ्या माणसाला कुणी घरच देणार नाही. ज्याला बाहेर काढता येत नाही त्याला आत कोण घेईल? संरक्षण वाढवाल तितकं वृद्धांचंच नुकसान होईल.

उत्तरपक्ष : हा आक्षेप ऐकायला बिनतोड वाटतो, पण तो चुकीच्या जागी लागू केला जातो. कोलकात्यात महिना साडेसहा हजारांहून जास्त भाड्याच्या राहत्या जागा 1997 च्या कायद्याच्या बाहेर आहेत. आज नव्याने होणारे बरेचसे करार त्याच वरच्या गटात मोडतात. मी हक्काची मुदत वाढवायला सांगत नाही. मी फक्त छळ थांबवायला सांगतो, आणि जो मालक छळ करत नाही त्याचा यात एक पैसाही जात नाही. बाकी जगाने हा पेच कसा सोडवला तेही पाहण्यासारखं आहे. लंडनच्या नॉटिंग हिल भागात 1950 च्या दशकात पीटर रॅकमन नावाच्या घरमालकाने जुन्या भाडेकरूंना हुसकावण्याचा इतका कुप्रसिद्ध धंदा केला की त्याचं नाव इंग्रजीत या छळाचंच नाव झालं. 1965 च्या ब्रिटिश कायद्याने भाडेकरूचा छळ हा फौजदारी गुन्हा ठरवला. फ्रान्समध्ये 65 वर्षांवरच्या, कमी उत्पन्नाच्या भाडेकरूला मुदत संपल्यावरही जागा सोडायला सांगायचं असेल, तर मालकाला त्याच परिसरात त्याच्या ऐपतीची दुसरी जागा देऊ करावी लागते. पण मालक स्वतःच 65 च्या वर असेल किंवा त्याचंच उत्पन्न कमी असेल, तर ही अट नाही. तुम्ही सुरुवातीला जी सत्तरीची विधवा मालकीण उभी केलीत, तिचा विचार त्या कायद्याने केलेला आहे. आपल्या कायद्याने केलेला नाही. आणि न्यूयॉर्कने 1970 पासून तुमच्या पहिल्या तक्रारीलाच हात घातला आहे. 62 वर्षांवरच्या, ठराविक मर्यादेत उत्पन्न असलेल्या भाडेकरूचं भाडं गोठवलं जातं, आणि मालकाचं जेवढं नुकसान होतं तेवढी सूट त्याला मालमत्ता करात मिळते. म्हणजे म्हातारीला सांभाळण्याचा खर्च शहर उचलतं, एकटा मालक नाही. कोलकाता महापालिकेला हे करता येण्यासारखं आहे. ज्या घरात पंच्याहत्तरीवरचा संरक्षित भाडेकरू राहतो आणि ज्याच्याविरुद्ध छळाची तक्रार नाही, त्या घराच्या करात सूट द्यावी. मग त्या भाडेकरूचं आयुष्य हा मालकाचा तोटा राहणार नाही. माझ्या मते या सगळ्या प्रश्नावरचा सर्वांत न्याय्य तोडगा हाच आहे, कारण तो मालकाची तक्रार खरी मानून सुरुवात करतो.

पूर्वपक्ष : करसवलत यायला वर्षं जातील. तोवर?

उत्तरपक्ष : तोवर आधी पाणी, मग वाद. विशिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम 6 मध्ये हेच सूत्र आहे: ज्याला बेकायदा ताब्यातून काढलं त्याने सहा महिन्यांत दावा लावावा, आणि त्या दाव्यात मालकी कुणाची हे विचारलंच जात नाही, आधी ताबा परत, हक्काचं नंतर पाहू. हेच सूत्र पाणी, वीज, जिना आणि संडास यांना, दिवसांच्या मुदतीत, लावायला हवं. 2007 च्या कायद्याखाली उपविभागीय अधिकाऱ्यासमोर चालणारी न्यायाधिकरणं अस्तित्वात आहेत; साठीवरच्या भाडेकरूच्या अशा तक्रारी त्यांच्याकडे सोपवाव्यात. पोलिसांनी भाड्याच्या वादात पडू नये हे बरोबर, पण धमकावणं आणि वाट अडवणं हे भारतीय न्याय संहितेत गुन्हे आहेत आणि त्यांना दिवाणी म्हणता येत नाही. कोलकाता पोलिसांची 2009 पासूनची ‘प्रणाम’ योजना एकट्या राहणाऱ्या वृद्धांची नोंद ठेवते, ठाण्याचा माणूस अधूनमधून विचारपूस करतो. त्याने त्या भेटीत एक प्रश्न जास्त विचारावा: पाणी येतं का? आणि उत्तर नोंदवहीत लिहावं. ज्या शहराची लोकसंख्या 2001 ते 2011 मध्ये पंचेचाळीस लाख बहात्तर हजारांवरून चव्वेचाळीस लाख शहाण्णव हजारांवर उतरली, तरुण बाहेर गेले आणि म्हातारे मागे राहिले, त्या शहरात हा प्रश्न वर्षागणिक वाढणारच आहे.

पूर्वपक्ष : छळ चूक आहे, हे मी मान्य करतो. पण भाडं योग्य व्हायलाच हवं, हे मी सोडणार नाही.

उत्तरपक्ष : सोडूही नका. ती मागणी विधानसभेत न्या, त्या बाईच्या जिन्यात नेऊ नका.

हा वाद कोलकात्याचा असला तरी गिरगावातल्या चाळीत आणि पुण्याच्या पेठांतल्या वाड्यांत तो वेगळा नाही. तुमच्या ओळखीत असं एखादं वृद्ध माणूस असेल तर त्याला चार गोष्टी करून द्या. परत आलेल्या मनीऑर्डरचा कागद जपून ठेवायला सांगा. कोलकात्यात करारात वेगळी तारीख नसेल तर भाडं पुढच्या महिन्याच्या 15 तारखेच्या आत भरायचं असतं, आणि मालक घेत नसेल तर भाडे नियंत्रकाकडे चलनाने भरता येतं. एक महिना चुकला तरी तो दाव्यात थकबाकी म्हणून पुढे येतो. विजेचा मीटर मालकाच्या नावावर असेल तर स्वतःचा घ्यायला लावा. 2003 च्या वीज कायद्याने जागेत राहणाऱ्यालाही जोडणी मागता येते, आणि त्यासाठी मालकाच्या संमतीची गरज नाही असं कोलकाता उच्च न्यायालयाने 2011 मध्ये सांगितलं आहे. घर पाडायचं निघालं तर खोलीचं माप लिहून मिळेपर्यंत सामान हलवू देऊ नका. आणि ती बाई असेल, तर तिचं उत्पन्न कितीही असो, 1987 च्या विधी सेवा कायद्याने तिला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात तिच्यासोबत एकदा जा.